कुलूपबंद रविवार

नंदुरबार जिल्ह्यात शिरीषकुमाराचे नाव घेतल्यावाचून शाळेचा समारंभ सहसा पार पडत नाही, आणि हे योग्यच आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यात विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली, पोलिसांनी तीवर गोळ्या झाडल्या, आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पाच जण धारातीर्थी पडले. शिरीषकुमाराला त्या वेळी सोळावे वर्ष चालू होते. दरवर्षी त्या दिवशी हार घातले जातात, भाषणे होतात, आणि मुलांनी या बालवीराचा कित्ता गिरवावा असा उपदेश होतो. उपदेश आटोपला म्हणजे त्याच वयाची मुले रांगेने आपापल्या वसतिगृहाकडे परत नेली जातात, फाटक लागते, व किल्ली अधीक्षकांच्या खिशात जाते. पंधरा वर्षांच्या एका मुलाने रस्त्यावर टाकलेले पाऊल हा ज्या जिल्ह्याचा सर्वांत मोठा अभिमान, त्याच जिल्ह्यात आज पंधरा वर्षांच्या मुलाने फाटकाबाहेर टाकलेले पाऊल हा शिस्तभंग गणला जातो. ही विसंगती कोणाच्या नजरेस येत नाही असे नाही. ती बोलून दाखविण्याचा संकोच मात्र सर्वांनाच वाटतो. तो संकोच आम्ही येथे बाजूस ठेवीत आहो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, माध्यमिक शाळेतील मुलामुलींची सहल व त्यांचा सुटीचा दिवस या दोन गोष्टी शिक्षणाच्या बाहेरच्या म्हणून आपण ठेकेदाराच्या व कुलपाच्या हवाली केल्या आहेत. वर्षातून तीन दिवस ठेकेदार आणि उरलेले सर्व रविवार कुलूप, अशी ही वाटणी आहे. मुले एकमेकांशी व आपल्या भूमीशी ज्या वेळी खरोखर परिचय करून घेतात, तो सगळा वेळ या वाटणीत वाया जातो.

प्रथम सहलीचे पाहू. डिसेंबर उजाडला की शाळेच्या फलकावर सूचना लागते. दोन रात्री व तीन दिवस, अमुक ठिकाणे, अमुक रक्कम, अमुक तारखेच्या आत वर्गशिक्षकांकडे भरावी. ठिकाणांची यादी दूरची असेल तितकी शाळेची प्रतिष्ठा मोठी. मुले रात्रभर बसमध्ये डुलक्या घेतात, पहाटे कोठल्याशा देवस्थानी तोंड धुतात, एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी पाऊण तास थांबतात, कारण बाराच्या आत करमणूकबागेचे तिकीट काढावयाचे असते, आणि मग पाळण्यांत बसून ओरडून ओरडून घसा बसला की सहल सुफळ झाली असे सर्वांस वाटते. पाळण्यात बसू नये असे आमचे म्हणणे नाही. बालपणी पाळण्यात बसावे, जत्रेत बसावे, खुशाल बसावे. परंतु त्याकरिता शाळेने चारशे किलोमीटर प्रवास करावा, व त्या प्रवासाला ‘शैक्षणिक’ हे विशेषण लावून एस. टी.ची निम्म्या भाड्याची सवलतही घ्यावी, हे आम्हांस पटत नाही.

आणि या सहलीत कोण जात नाही? हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर रिकाम्या वर्गात बसलेले असते. साठ मुलांच्या वर्गातील पंचवीस-तीस जातात. उरलेल्यांपैकी कोणाचे वडील शेतमजूर असतात, कोणाचे आईबाप दिवाळी संपताच ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे, गेलेले असतात आणि पैसे मागावे तर मागावे कोणाकडे हाच प्रश्न असतो. त्या तीन दिवसांत शाळा नावाला चालू असते. मागे राहिलेली मुले फळा पुसतात, मैदानावर रेंगाळतात, आणि चौथ्या दिवशी परतलेल्यांच्या गप्पा ऐकतात. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना आपल्यातील अंतराची पहिली खरी जाणीव शाळा करून देते ती अशी. आणि त्या जाणिवेची पावती पैसे भरणाऱ्यालाच मिळते.

एक विशिष्ट उदाहरण घेऊ. नर्मदेच्या काठी केवडियाला ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उघडण्यात आला, तेव्हापासून खानदेशातल्या शाळांच्या बस तिकडे वळू लागल्या. सीमा लागूनच आहे, रस्ता चांगला आहे, पाहण्यासारखेही आहे, जावे. पुतळ्याजवळच सरदार सरोवराची भिंत आहे. मुले भिंतीकडे पाहतात, उंची वहीत लिहून घेतात, आणि परत फिरतात. त्या भिंतीमागे साठलेल्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावांच्या जमिनी व घरे बाधित झाली, मणिबेली हे त्यांतले अगदी आरंभीचे गाव, हे त्यांस तेथे कोण सांगतो? त्या गावांतून उठलेली कुटुंबे तळोदे तालुक्यात सोमावल, रोझवा येथे व शहादे तालुक्यात वडछील येथे वसविण्यात आली. म्हणजे बसमधील चाळीस मुलांत ज्याच्या आजोबांचे शेत त्या पाण्याखाली आहे असा एखादा मुलगा असणे मुळीच अशक्य नाही. सहल त्याला त्याच्याच आजोबांच्या शेताजवळ नेते, आणि त्याला पुतळ्याची उंची पाठ करावयास लावते! शिक्षकाने तेथे धरणाच्या बाजूने बोलावे की विरुद्ध बोलावे, हा आमचा मुद्दा नव्हे. धरणाने कोठे पाणी दिले व कोठे घर बुडविले, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी उभे राहून सांगता येतात अशी जागा देशात फार नाही. ती शाळेला घरबसल्या लाभली असून शाळा तिचा उपयोग छायाचित्राकरिता करते, एवढेच आमचे दुःख आहे.

उलट दिशेचाही विचार करावा. सपाटीवरच्या शाळा तोरणमाळला जातात. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथाचे मंदिर, थंड हवा. वाटेत पावरा व भिल्ल वस्त्या लागतात, आणि मुले खिडकीतून त्यांच्याकडे जसे तलावाकडे पाहावे तसे पाहतात. त्या वस्तीत आपल्याच इयत्तेत शिकणारी मुले राहतात, त्यांना आपल्यासारखाच बीजगणिताचा कंटाळा आहे, त्यांची पावरी बोली व आपली अहिराणी यांत काही शब्द सारखे निघतील, हे कळण्याची सोय सहलीच्या वेळापत्रकात नाही. आणि डोंगरातील मुलगा? त्याला प्रकाशे कोठे आहे हे कोणी दाखविलेले नसते. तापी व गोमाई यांच्या संगमावरील या गावी १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वी या काठावर तांब्याची व दगडाची हत्यारे वापरणारी, रंगीत मडकी घडविणारी माणसे राहत होती हे उजेडात आले. ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रकाशे सर्वांना ठाऊक आहे. केदारेश्वराचे दर्शन घेऊन परतणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांपैकी आपल्या पायाखाली काय आहे हे किती जणांना कोणी सांगितले असेल?

या ठिकाणी एका पाठ्यपुस्तकाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१८ साली दहावीचे जे भूगोलाचे पुस्तक आले, त्याचा पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ या नावाचा आहे. पुस्तक रचणाऱ्यांचा हेतू उत्तम होता, यात शंका नाही. मुलांनी बाहेर पडावे, माती पाहावी, माणसांना प्रश्न विचारावे, टिपणे घ्यावीत, असे त्यांस वाटले. आमच्या शाळांनी त्या पाठाचे काय केले? क्षेत्रभेटीची पूर्वतयारी कशी कराल, क्षेत्रभेटीत कोणती काळजी घ्याल, क्षेत्रभेटीसाठी प्रश्नावली तयार करा, या प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शकातून उतरवून पाठ केली, आणि वर्गाबाहेर पाऊल न टाकता क्षेत्रभेटीचे गुण पदरात पाडून घेतले. पोहण्याचे पुस्तक पाठ करून नदीत न उतरणाऱ्या पंडिताची गोष्ट आपण विनोद म्हणून सांगतो. येथे तोच विनोद परीक्षेला बसतो व उत्तीर्ण होतो. त्याच पुस्तकात भारताशी ब्राझीलची तुलना आहे. मुलांना ॲमेझॉनचे खोरे नकाशात अचूक दाखविता येते. गोमाई कोठे उगम पावते हे शहाद्याच्या मुलाला विचारून पाहा.

आता सावधगिरीच्या पक्षाकडे वळू, कारण तो पक्ष प्रबळ आहे व त्याच्या हाती परिपत्रके आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी सहलीत बुडाले. त्या बातमीने महाराष्ट्रातील प्रत्येक आईच्या काळजाचे पाणी झाले, आणि शिक्षण खात्याने सहलींसाठी अटींची लांबलचक जंत्री काढली हे स्वाभाविकच होते. पालकांचे संमतिपत्र घ्यावे, एस. टी.ची गाडी वापरावी, मुलींबरोबर शिक्षिका असावी, या अटींना कोण नाही म्हणेल? परंतु त्या जंत्रीत समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी, उंच टेकड्या यांपासून मुलांस दूर ठेवण्याची ताकीद आहे. समुद्र आमच्याकडे नाही. तेवढे एक सुख. परंतु नंदुरबार जिल्ह्यातून नदी, तलाव व टेकडी वजा केली असता काय उरते? उत्तरेस नर्मदा, मधून तापी, या दोहोंच्या मध्ये सातपुडा, असा हा जिल्हा. जंत्री अक्षरशः पाळावयाची तर या जिल्ह्यातील मुलांनी जिल्हाच पाहू नये, असा तिचा अर्थ होतो.

आणि धोका टळतो म्हणावे, तर तोही टळत नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यात भुषा येथे नर्मदेत माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली, व बुडालेल्यांत लहान मुले होती. ती शाळेची सहल नव्हती. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी, धनत्रयोदशीच्या दिवशी, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची मालवाहू गाडी चांदसैली घाटात उलटली आणि अनेक जण मृत्युमुखी पडले. तीही शाळेची सहल नव्हती. त्यानंतर जेमतेम तीन आठवडे लोटले तोच, ९ नोव्हेंबर २०२५ रोजी, अक्कलकुवा-मोलगी रस्त्यावरील देवगोई घाटात विद्यार्थ्यांची बस दरीत कोसळली व त्यात विद्यार्थी दगावले. ही मुले कोठे मौज करावयास निघाली होती? दिवाळीची सुटी संपवून ती शाळेकडे परतत होती! एवंच, मुलांचा जीव घेतो तो घाटातला रस्ता, क्षमतेबाहेर भरलेली गाडी, तरंगण्याचे जाकीट नसलेली नाव. या तिन्हींवर काही करावयाचे तर पैसा लागतो, बांधकाम खात्याशी भांडावे लागते, परवाने तपासावे लागतात. सहल बंद करण्यास मात्र एक कागद पुरतो. म्हणून कागद निघतो. अपघात झाला की सर्वप्रथम शिक्षकाला निलंबित करावयाचे, हा आमच्या कारभाराचा दुसरा सोपा मार्ग. त्यामुळे ज्या शिक्षकाला खरोखर मुलांना घेऊन डोंगर चढावासा वाटतो, तोही शेवटी आपल्या बायकामुलांचा विचार करून फलकावर करमणूकबागेचेच नाव लिहितो. त्याला आम्ही दोष देत नाही.

सहलीपेक्षा रविवारचा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण सहल निदान दिसते. रविवार दिसतही नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील दर दहा माणसांपैकी जवळजवळ सात आदिवासी आहेत. त्यांच्या मुलांपैकी फार मोठा भाग आश्रमशाळांत व वसतिगृहांत वाढतो. सहासात वर्षांचे मूल आईचे बोट सोडून तेथे येते, आणि दहावी होईपर्यंत, म्हणजे दहा वर्षे, त्याचे घर म्हणजे ती इमारत. या दहा वर्षांतले रविवार मोजले तर पाचशेच्या घरात जातात. सुट्या वजा करूनही चारशे म्हणू. या चारशे रविवारी ते मूल काय करते? सकाळी कपडे धुते. नखे कापते. आवार झाडते. दुपारी जेवणाच्या रांगेत उभे राहते. नंतर फाटकाशी जाऊन उभे राहते. कोणाचे आईवडील भेटीस आले तर त्याच्याभोवती इतर मुले गोळा होतात, पिशवीतून काय निघते ते पाहतात. कार्तिक ते चैत्र तर फाटकाशी येणारे आईबापच थोडे. ते उसाच्या फडात असतात. संध्याकाळी हजेरी होते, आणि आकडा जुळला म्हणजे रविवार निर्विघ्न पार पडला असे अधीक्षक नोंदवितात. मोजलेली मुले संपूर्ण भरली, एवढाच त्या दिवसाचा हिशेब. गोठ्यातील गुरांचाही हिशेब याहून निराळा नसतो, परंतु गुरे निदान दिवसा चरावयास सोडतात.

हे शब्द कठोर वाटतील. आश्रमशाळेतील पुष्कळ शिक्षक व अधीक्षक जिवाचे रान करतात, हे आम्ही पाहिले आहे. एका अधीक्षिकेने दीडशे मुलींकडे पाहावयाचे, त्यांतल्या आजारी पडलेलीला रात्री जीपने तालुक्याला न्यावयाचे, आणि रविवारी या सर्वांना बाजार दाखवून आणावयाचा, ही अपेक्षाच अमानुष आहे. तेव्हा दोष व्यक्तीचा नसून समजुतीचा आहे. मूल भिंतीच्या आत असले म्हणजे सुरक्षित, ही ती समजूत. परंतु आश्रमशाळांतील बालमृत्यूंची चौकशी करण्याकरिता डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची पाळी या राज्यावर आली, आणि तिचा अहवाल २०१६ साली सादर झाला, ही गोष्ट फार जुनी नाही. ती मुले सहलीत दगावली नव्हती. तापाने, सापाने, वेळेवर न मिळालेल्या औषधाने मूल जाते तेव्हा कुलूप जागच्या जागी शाबूत असते.

मुलींच्या बाबतीत कुलूप दुहेरी आहे. मुलगा निदान कुंपण ओलांडून पळतो, शिव्या खातो व परत येतो. मुलीने तसे केले तर तिची शाळाच सुटते, आणि शाळा सुटली की लग्न ठरते. तिचे बाहेर पडणे आधीच गुन्हा ठरवून ठेवले, तर रीतसर बाहेर पडण्याचा मार्ग तिला कोणता उरतो?

येथे भोंगऱ्याची गोष्ट काढणे भाग आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातील ठरलेल्या गावी भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल, बासऱ्या, होळीचा बाजारहाट, आणि गावोगावच्या तरुण मुलामुलींचे थवेच्या थवे. मागाहून काठीची होळी येते, जिथे मैलोगणती चालत आलेली माणसे रात्रभर नाचतात व पहाटे होळी पेटते. सातपुड्यातील पोरांची सामुदायिक सहल कोणती असे कोणी विचारील तर ती हीच. तिला ठेकेदार लागत नाही, फलक लागत नाही, पावती लागत नाही. मोठी मुले धाकट्यांना सांभाळतात, कोण कोणाबरोबर परतावयाचे हे आधी ठरलेले असते, शिदोरी वाटून खाल्ली जाते. एवढी शिस्त ज्यांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे त्यांना शाळा काय म्हणते? ‘गैरहजर.’ दहावीची परीक्षाही नेमकी त्याच सुमारास येते, त्यामुळे गैरहजेरीला बेजबाबदारीची जोड मिळते, आणि ‘यांना शिक्षणाची किंमतच नाही’ हा निष्कर्ष शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर फिरू लागतो.

याहून वाईट गोष्ट शहरी मंडळींनी केली आहे. भोंगऱ्या म्हणजे मुलगी पळवून नेण्याचा बाजार, अशी एक चटकदार आख्यायिका त्यांनी लिहून लिहून रूढ केली. या चित्रणास आदिवासी समाजातून वारंवार आक्षेप घेतला गेला आहे. मुलगे व मुली एकत्र हसताना, बाजार करताना, नाचताना पाहिले की ज्याला पळवापळवीच आठवते, त्याच्या मनाची चिकित्सा प्रथम व्हावी. आमच्या मते मुलामुलींनी एकत्र, दिवसाउजेडी, वडीलधाऱ्यांच्या देखत व गाणीबजावणी करीत वावरण्याची जी रीत डोंगरात सहज आहे, ती सपाटीवरील शाळांनी शिकून घ्यावी. तेथे सहलीच्या बसमध्ये मुलगे मागे व मुली पुढे बसवितात, आणि मधल्या दोन बाकांवर शिक्षक पहारा देतात.

शहरातील मुलाचा रविवार मोकळा आहे अशी कोणाची कल्पना असेल तर तीही चुकीची आहे. नंदुरबार, शहादे येथील नववी-दहावीच्या मुलाचा रविवार शिकवणीवाल्यांनी केव्हाच खरेदी केला आहे. सकाळी आठला चाचणी, अकराला तिची उत्तरे, दुपारी जादा तास. उरलेला वेळ मोबाईलच्या स्वाधीन. मित्रांबरोबर डांबरी रस्त्याने पाचसहा किलोमीटर सायकल हाणीत जाऊन एखाद्याच्या शेतात हरभरा भाजून खाणे, ही गोष्ट या मुलांच्या बापांनी केलेली आहे. मुलांना ती ऐकून ठाऊक आहे. त्यांच्या दाराला कुलूप नाही एवढाच काय तो फरक, बाकी हजेरीचा हिशेब तोच.

‘आधी पोटाचे पाहा, मग सहलीचे बोला,’ असा एक आक्षेप सज्जन माणसे घेतात. कुपोषणासाठी ज्या जिल्ह्याचे नाव वारंवार वर्तमानपत्रांत येते, तेथे सहलीची चर्चा चैनीची वाटावी हे आम्ही समजू शकतो. परंतु पोटाचे पाहिले जात आहे म्हणून सहल थांबली आहे, असे चित्र निदान आम्हांस कोठे आढळले नाही. शिवाय मुलाला भाकरी व भूमी यांत निवड करावयास लावणे हे गरिबाच्याच मुलाच्या वाट्याला का यावे? संपन्न घरचे मूल दोन्ही घेते.

साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत येथून जवळच अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि त्यांच्याकडे छात्रालयाचेही काम होते. तेथे ते मुलांची अंथरुणे आवरीत, कंदील पुसून ठेवीत, आणि मुलांसाठी स्वहस्ते लिहून वर्तमानपत्र काढीत, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. या आठवणी सांगताना आपले डोळे पाणावतात. त्यांतला धडा मात्र आपण सोडून देतो. त्या माणसाला छात्रालयातील मोकळा वेळ हा शाळेच्या वेळेइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा वाटत होता. हजेरीच्या दोन घंटांमधली पोकळी म्हणून त्याने त्याकडे पाहिले नाही. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली: एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावे. आम्ही तर अजून धडगाव व शहादे यांच्यामधली आंतरभारती केलेली नाही.

ती कशी करता येईल, याचे एक उदाहरण दूर देशी आहे, परंतु ते इतके घरगुती आहे की येथे सांगण्यास हरकत नाही. रिखार्ड शिरमान नावाचे एक जर्मन शाळामास्तर २६ ऑगस्ट १९०९ रोजी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळात सापडले. त्यांनी एका खेड्यातील रिकाम्या शाळेत आसरा घेतला. पेंढा पसरून मुले त्यावर निजली. बाहेर विजा कडकडत असता मास्तरांच्या मनात आले की, सुटीत गावोगावच्या शाळा रिकाम्याच असतात. प्रत्येक शाळेने आपल्या दोन खोल्या फिरतीवरच्या मुलांकरिता उघडल्या तर कोणत्याही गरीब मुलाला सबंध देश पाहता येईल. त्या विचारातून पुढे आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे युवक-निवासस्थान उभे राहिले, आणि ती चळवळ जगभर पसरली. पेंढ्याच्या एका रात्रीपलीकडे तिच्या आरंभी काही भांडवल नव्हते.

आमच्या जिल्ह्यात तर पेंढ्याचीही गरज नाही. आश्रमशाळांत खाटा आहेत, स्वयंपाकघर आहे, आचारी आहे, आणि दिवाळीत व उन्हाळ्यात हे सर्व रिकामे असते. शहाद्याच्या शाळेतील चाळीस मुलांनी तीन दिवस धडगावच्या एखाद्या आश्रमशाळेत जाऊन राहावे. तेथील चाळीस मुलांनी तीन दिवस शहाद्यास यावे व शहाद्याच्या मुलांच्या घरी दोघे-दोघे उतरावे. डोंगरातील मुलांनी पाहुण्यांना मोह, चारोळी, आमचुराची फोड कशी वाळवितात ते दाखवावे. सपाटीच्या मुलांनी प्रकाश्याचा बंधारा, संगम, आणि मार्गशीर्षात जमले तर सारंगखेड्याचा घोडेबाजार दाखवावा. नर्मदेच्या काठी जीवनशाळांतील मुले आपल्या बालमेळ्याकरिता दरवर्षी गावोगावहून जमतात. तेथे शिक्षकांना जे साधते ते अनुदानित शाळांना साधू नये याचे कारण आम्हांस सापडत नाही. आणि रविवारी आश्रमशाळेचे फाटक निदान सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात उघडावे. आठवी ते दहावीच्या मुलामुलींच्या सात-आठ जणांच्या तुकड्या कराव्या, प्रत्येक तुकडीने कोठे जाणार ते वहीत लिहावे, तुकडीतील एकाने वेळेची जबाबदारी घ्यावी, व गावातील एका निवृत्त शिक्षकाने किंवा बचतगटातील दोघा बायांनी वाटेत लक्ष ठेवावे. त्याबद्दल त्यांना मानधन द्यावे. अधीक्षिकेवर हा बोजा टाकू नये.

प्रकल्प अधिकाऱ्यांची दोन कार्यालये या जिल्ह्यात आहेत, एक नंदुरबारला व एक तळोद्याला. दोन्हीकडे अर्ज करता येईल, आणि करावाही. परंतु पहिल्या जोडीकरिता शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुटीपूर्वी शहाद्याच्या एका मुख्याध्यापकाने धडगावच्या एका मुख्याध्यापकाला पत्र घालावे. संमतिपत्राचा नमुना आज वापरतात तोच चालेल, गाडी एस. टी.चीच घ्यावी, आणि भाडे निम्मेच पडेल.